पॅराशूटमधला माणूस आणि आमचा देखावा

गोळी न झाडणं दाखवता येत नाही, असं आमच्या मंडळाचं एकमताने ठरलं. एकमताने म्हणजे माझं मत सोडून. पण माझं मत मंडळात मोजत नाहीत, माझ्याकडून फक्त लिहून घेतात.

मी घोडपदेवला चाळीत राहते आणि पत्रकं लिहिते. आमच्या चाळीचा पुनर्विकास अडकलेला आहे, त्यामुळे विषय कमी पडत नाहीत. भाडेकरू समितीसाठी लिहिता लिहिता हात तयार झाला. एक पान. पहिल्या ओळीत आपल्याला कोण फसवतंय ते, शेवटच्या ओळीत मागणी. उद्गारचिन्ह शक्यतो नाही, कारण ते टाकलं की लोकांना वाटतं कुठेतरी सेल लागलाय. चाळीत मला 'पत्रकवाली' म्हणतात. कौतुकाने म्हणतात की वैतागाने, ते त्या दिवशी पाणी आलंय की नाही यावर अवलंबून.

गणपतीच्या बऱ्याच आधी एका संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षाने खालून हाक मारली.

"ए पत्रकवाली! खाली ये. देशासाठी काम आहे."

देशासाठी काम म्हणजे देखाव्याचं निवेदन. आमचं मंडळ लहान. लालबागच्या मोठ्या गणपतींसमोर आमच्याकडे कोण येणार? पण आमचा देखावा चलचित्राचा असतो, आणि तो बघायला परळ-भायखळ्याची माणसं वाकडी वाट करून येतात. बाहुल्या मोटरवर हलतात, दिवे लागतात-विझतात, मागे भारदस्त आवाजात निवेदन चालू असतं. एक खेळ संपला की कार्यकर्ते "पुढे चला, पुढे चला" करतात आणि पुढची रांग आत येते.

यंदाचा विषय होता हवाई लढाई. कारण तो माणूस आमचा होता. आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर वाढलेला, बाप गिरणीत, आणि स्वतः थेट हवाई दलात लढाऊ वैमानिक. आता खूप वय झालंय, दादरला राहतात. त्यांनी युद्धात शत्रूचं विमान पाडलं होतं. चाळीला एवढंच माहीत होतं आणि तेवढं चाळीला पुरत होतं.

"उद्घाटन त्यांच्याच हातून," अध्यक्ष म्हणाला. दिवसा तो शिवडीला एका गोदामात सुपरवायझर असतो, संध्याकाळी अध्यक्ष असतो, आणि दोन्हीकडे त्याचा आवाज एकच असतो. "तू जा, त्यांना भेट, सगळं विचारून घे. आणि जरा अंगावर काटा येईल असं लिही. पाण्याच्या टाकीच्या पत्रकासारखं नको लिहूस."

मी खुशीत गेले. माझ्या डोक्यात पत्रक तयारच होतं: युद्ध वाईट, माणूस चांगला. फक्त त्यांच्या तोंडून ते काढायचं होतं.

दार त्यांनीच उघडलं. ताठ, बारीक, घरात असूनही शर्ट खोचलेला. मी "सर" म्हटलं, तर म्हणाले, "कुठल्या मजल्यावरची तू?"

"तिसऱ्या."

"मग सर काय गो? काका म्हण."

चहा त्यांनीच केला. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "काका, समोरासमोर शत्रू आला तेव्हा मनात काय होतं?"

"समोरासमोर?" ते हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळपास आले. "समोरासमोर येणारा मूर्ख. मागून जायचं असतं. सूर्य पाठीशी घ्यायचा, म्हणजे त्याने मान वळवून बघितलं तरी डोळे दिपतात, तू दिसत नाहीस. त्याला मी दिसलोच नाही. मी मागून गेलो आणि मारला."

"म्हणजे बेसावध असताना?"

"मग काय बेल वाजवून?"

माझ्या पत्रकातला पहिलाच परिच्छेद उडाला होता.

"तुला वाईट वाटलं," ते म्हणाले. "सगळ्यांना वाटतं. लोकांना वाटतं वर आकाशात तलवारबाजी चालते, दोघे एकमेकांना सलाम करून लढतात. तसं काही नाही. जो आधी बघतो तो जगतो. त्याने मला आधी बघितलं असतं तर त्यानेही हेच केलं असतं, आणि मी त्याला दोष दिला नसता."

पुढचं त्यांनी न विचारता सांगितलं. तोफेचं बटण दाबलं, त्या विमानाच्या पंखाजवळ धूर आला, मग वरची काच उडाली, खुर्ची बाहेर फेकली गेली आणि थोड्या वेळाने पॅराशूट उघडलं. ते जवळून गेले. दोरांना लटकलेला माणूस त्यांना नीट दिसला. त्याच्या एका पायात बूट नव्हता. विमानातून फेकलं जाताना निघाला असणार. पायात पांढरा मोजा होता.

"तो मोजा कशाला लक्षात राहिला कोण जाणे," ते म्हणाले. "तोंड नाही आठवत. मोजा आठवतो."

खाली शत्रूचीच जमीन होती. त्याचीच माणसं धावत आली असती, गाडीत घालून नेलं असतं, आणि तो पुन्हा विमानात बसला असता. काकांच्या सोबत दुसऱ्या विमानात त्यांचा साथीदार होता. त्याने रेडिओवर विचारलं, मारतोस का? काका म्हणाले, नाही, घरी चल.

"का नाही मारलंत?"

"तेव्हा तो काही करू शकत नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच. विमानात होता तेव्हा मी त्याला मारायलाच गेलो होतो. जळून मेला असता तर मला त्या रात्री झोप लागली असती. दोरांना लटकला, मग तो कोणाशी लढणार? उद्या परत आला असता तर विमानातूनच आला असता. तेव्हा परत बघितलं असतं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे माणुसकी."

"तो शब्द लिहायचा नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुला मी कशाला हवाय, पोस्टरला? मी काही उपकार केला नाही त्याच्यावर. आणि ऐक, फोन बंद कर."

मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तो साथीदार उड्डाणावर गेला तो परत आला नाही. कोणी पाडलं ते कधी कळलं नाही. जमिनीवरच्या तोफेने असेल, दुसऱ्या विमानाने असेल. पांढऱ्या मोज्यावाल्याने एका दिवसात पुन्हा उड्डाण केलं असण्याची शक्यता जवळपास नाही, हे काकाही जाणतात. "पण जवळपास नाही म्हणजे नाही असं नव्हे," ते म्हणाले. "हे देखाव्यात घालायचं नाही. पुढे कधी लिहावंसं वाटलं तर लिही. नावं नको."

म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

निघताना त्यांनी अट घातली. "पॅराशूट दाखव. आणि मी न मारता निघून गेलो ते दाखव. बाकी तुमच्या मंडळाला काय आरत्या ओवाळायच्या त्या ओवाळा. त्या चाळीतली माणसं मला अजून ओळखतात. त्यांच्यासमोर मी जे केलं नाही ते माझ्या नावावर नको."

इतकी साधी मागणी होती. मी आयुष्यात ज्या मागण्या लिहिल्या त्यांतली सगळ्यात साधी.

मी निवेदन लिहिलं. माणुसकी हा शब्द टाळला, त्याच्या भाऊबंदांतलाही एक शब्द घेतला नाही. आणि पॅराशूट उघडतं तिथे कंसात लिहिलं: इथे पूर्ण शांतता. विमान एक फेरी मारून निघून जातं. मग पुन्हा आवाज सुरू. मला ती जागा फार आवडली होती. गिरगावातल्या एका छोट्या स्टुडिओत भारदस्त आवाजाच्या गृहस्थांनी ते वाचलं, आणि शांततेच्या जागी त्यांनीही श्वास रोखून धरला, काचेतून मला दिसलं.

पण त्याआधी मंडळाच्या बैठकीत मला कमी ऐकावं लागलं नाही. अध्यक्षाने कागद वाचला आणि विचारलं, "सोडून दिला? शत्रूला?"

"दिला. खरंच दिला."

"अगं, पण मारला असता तर काय टाळ्या पडल्या असत्या!"

मी सांगितलं की युद्धाचेही नियम असतात, जीव वाचवायला पॅराशूटने उतरणाऱ्या वैमानिकाला उतरता उतरता मारायचं नाही असं जगाच्या करारात लिहिलेलं आहे.

"करार?" तो म्हणाला. "आपल्या बिल्डरने आपल्याशी केलेला करार पाळला? चाळीचा करार कोण पाळत नाही आणि तू जगाचा सांगतेस."

यावर सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी वैतागले होते.

"आणि ते पॅराशूटने उतरणारे सैनिक?" तो काही अडाणी नव्हे, सगळे व्हिडिओ बघतो. "त्यांना मारतात ना?"

"ते लढायला उतरतात. हा मोडलेल्या विमानातून जीव घेऊन निघालाय. दादा, आपल्या गच्चीवर काय नियम होता? कोणी पतंग उतरवत असेल तर त्याला पेच लावायचा नाही. तूच एकदा त्यावरून मारामारी केली होतीस."

"पतंग घरी जाऊन दुसऱ्या दिवशी बॉम्ब टाकते काय?"

पुन्हा हशा. मग तो एकदम गंभीर झाला, आणि हे मला आजही टोचतं. "मजा सोड. समज, तो परत आला आणि त्याने आपल्यातल्या एखाद्याला मारलं. त्याच्या आईच्या हातात तू काय देणार? पत्रक?"

मला असं काहीतरी माहीत होतं, जे मी बोलले असते तर त्याचा मुद्दा दुप्पट झाला असता. दादरच्या त्या खोलीत, फोन बंद केल्यावर, मी ते ऐकलं होतं. मी जीभ चावून बसले. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

शेवटी अध्यक्षच म्हणाला, "बरं, ठेव. त्यांची अट आहे तर ठेव. मान त्यांचा आहे."

म्हणजे तो वाईट माणूस नाही. हे मला मुद्दाम लिहायला लागतंय, कारण पहिल्या ओळीत शत्रू ठेवायची माझी सवय आहे, आणि इथे तो सापडत नाही.

चलचित्र करणारा काळाचौकीचा. मोटर, दिवे, बाहुल्या, आवाज, सगळं तो एकटा बघतो. ध्वनिफीत आधी तयार होते, मग तिच्या तालावर तो प्रत्येक मोटरची वेळ बसवतो. त्याने पॅराशूटवाला बाहुला फार सुंदर केला होता. जुन्या रेशमी साडीचं पॅराशूट, तंगुसाच्या बारीक नायलॉन दोऱ्या, डोक्यावर शिरस्त्राण. दोन्ही पायांत बूट.

"एक बूट काढा," मी म्हटलं. "एका पायात पांढरा मोजा."

"ताई, पब्लिक काय बोलेल? मंडळाला दुसरा बूट परवडला नाही बोलेल."

"पण खरं तसं झालं होतं."

"खरं असेल. पण दिसायला ती चूक दिसते ना."

मी त्याच्याशी वाद घातला आणि हरले. बूट गोंदाने पक्के होते.

एका रविवारी दुपारी चाळीतल्या लोकांसमोर चाचणी झाली. विमानं फिरली, धूर झाला, शत्रूचं विमान पेटून खाली गेलं, बायकांनी "अगं बाई" केलं. पॅराशूट उघडलं. आणि मी लिहिलेली शांतता सुरू झाली.

लगेच मागून कोणीतरी ओरडलं, "बंद पडला!"

"फ्यूज उडाला काय रे?"

"अरे ती काळी वायर बघ. मागच्या वर्षी पण तीच होती."

एक शेजारी उठून खरंच वायर बघायला गेले. पोरं शिट्ट्या मारायला लागली. वर आमचं विमान न मारता फेरी घेत होतं, ते एकालाही दिसलं नाही, कारण सगळे वायर बघत होते. चलचित्रवाल्याच्या कपाळावर घाम आला. त्याच्या धंद्यात आवाज थांबला म्हणजे नाक कापलं गेलं. मी ओरडून सांगत होते, "बंद नाही, ते तसंच आहे!" शेजारची एक वहिनी समजावणीच्या सुरात म्हणाली, "होतं गं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मला वाटलं, उद्घाटनाला बाहेरची माणसं असतील, त्यांना कळेल.

उद्घाटनाच्या संध्याकाळी काका पांढरा शर्ट घालून आले. जिना चढून आपली जुनी खोली बाहेरून बघून आले. म्हाताऱ्या बायकांनी त्यांना एकेरी हाक मारली आणि ते खूश झाले. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची. मी त्यांच्या मागे उभी होते.

पॅराशूट उघडलं. आवाज थांबला. मी मनात म्हटलं, आता.

ढॅढॅढॅढॅढॅ.

कान फुटतील असा गोळीबार झाला. लाल दिवा लागला. तंगुसाला हिसका बसला आणि दोन्ही बुटांचा बाहुला दोरांवर मान टाकून लोंबकळला. मंडप टाळ्यांनी हलला. कोणीतरी घोषणा दिली.

काका हलले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. अध्यक्षाने हसत हसत त्यांच्या हातात माईक दिला, दोन शब्द बोला म्हणून. ते उभे राहिले आणि खरोखरच फार शब्द बोलले नाहीत.

"मी त्याला मारलं नव्हतं."

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा जोरात. माझ्या बाजूचा माणूस त्याच्या बायकोला म्हणाला, "बघ, मोठी माणसं कशी असतात. स्वतःचं कौतुकच करत नाहीत."

काकांनी माईक परत दिला, वळले आणि मला विचारलं, "तू लिहिलंस हे?"

"नाही! काका, मी शांतता लिहिली होती. खरंच. इथे..."

"बरं," ते म्हणाले आणि शाल माझ्या हातात देऊन टॅक्सीकडे गेले.

घरी मी भांडी आपटत होते. आई मालवणहून लग्न होऊन आली, चिडली की आणि समजावायचं असलं की मालवणीत शिरते. "तुका इतको राग कित्याक येता? बाहुल्याक मारल्यानी, खऱ्या माणसाक नाय."

"खऱ्या माणसालाच मारलं, आई. त्या काकांना मारलं."

"ते तर चालत गेले गो टॅक्सीपर्यंत."

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या खोलीत मी सोडलं नाही. चलचित्रवाला हात जोडून म्हणाला, "ताई, माझा काय वाईट हेतू नव्हता. गॅप होता. गॅपमध्ये पब्लिक बोंबलतं. तुम्ही बघितलं ना? मी काहीतरी भरलं." फोनमध्ये विमानाच्या गोळीबाराचा आवाज तयार सापडला, तो त्याने भरला. मग गोळ्या सुटल्या आणि माणूस हलला नाही तर विचित्र दिसेल, म्हणून तंगुसाला हिसका जोडला. एक मोकळी जागा दिसली आणि त्या जागेत माणूस मेला. कोणाच्याही मनात त्याला मारायचं नव्हतं.

"आवाज काढून टाका," मी म्हटलं.

"मग परत बोंबलतील."

"बोंबलू दे!"

"वर्गणी देणारी माणसं आहेत ती," अध्यक्ष म्हणाला. "तू पत्रक काढतेस, लोक वाचतात, फेकतात, तुझं काय जातं? आम्हाला दहा दिवस इथे उभं राहायचंय." मग बाकीच्यांकडे बघून, "हे बघा, गोळी न झाडणं काय दाखवता येत नाही. बरोबर की नाही? जे होतच नाही ते दाखवणार कसं? हात वर करा."

सगळ्यांचे हात वर. ते एकमत हे असं झालं.

"पण मी काकांचा अपमान नाही होऊ देणार," तो पुढे म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं ते. "त्यांना मारलेलं नको ना? ठीक. पॅराशूटच काढा. विमान पडलं, जय हिंद, पुढे चला. झगडाच नको."

दुपारपर्यंत बाहुला काढून मंडपामागे ढोलताशाच्या पिशव्यांवर टाकला होता. अध्यक्षाने मला समजूत घातल्यासारखं सांगितलं, "घे. आता कोणी कोणाला मारत नाही. खूश?"

मी काकांना फोन केला. काहीतरी मिळवलंय अशा सुरात सांगितलं, ते आठवलं की अजून स्वतःचाच संताप येतो. गोळीबार काढला काका, पॅराशूटच काढून टाकलं.

मग ते म्हणाले, "म्हणजे तो बाहेर पडलाच नाही?"

"देखाव्यात... नाही."

"मग आत जळाला. आणि मी जाळला." रागावले नव्हते. नकाशावर बोट ठेवून दाखवावं तसं बोलत होते. "आधी निदान तो होता तरी, मुली. मारलात, पण होता."

मी म्हटलं, मी पत्रक काढते. ते म्हणाले, "काढ, पण त्यात मी नको," आणि फोन ठेवला.

पत्रक मी काढलं. त्यात ते नव्हते, फक्त घटना होती. रांगेत उभी राहून वाटलं. बहुतेकांनी त्यावर प्रसादाचा शिरा घेतला. मी काय बोलणार? मीही घेते, पत्रकावर.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मंडपाबाहेर होते. रांग मोठी होती, घामाची, ढकलाढकलीची. त्या रांगेत मला एक खोचलेला शर्ट दिसला. काका. कोणाला न सांगता आले होते आणि खुर्ची न मागता रांगेत उभे होते. मी धावत गेले, "काका, बाजूने चला ना." त्यांनी हाताने मला थांबवलं.

त्यांच्यासोबत मी आत गेले. खेळ सुरू झाला. मागून विमान आलं, धूर झाला, शत्रूचं विमान पेटत पेटत खाली गेलं आणि थर्माकोलच्या डोंगरामागे नाहीसं झालं. त्यानंतर काहीच वर आलं नाही, काहीच उघडलं नाही. भारदस्त आवाज म्हणाला की आकाश पुन्हा निळं झालं. ते वाक्य माझंच होतं. टाळ्या पडल्या.

काकांच्या बाजूला कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिची-त्यांची काही ओळख नव्हती. ते तिला म्हणाले, "त्यातून एक माणूस बाहेर पडला होता."

"हां?" तिने मान वळवली.

"पुढे चला आजोबा, पुढे चला," दोरी आणि माईक धरलेला आमचा कार्यकर्ता म्हणाला. "मागे पब्लिक आहे."

"मी त्याला..."

"हो हो आजोबा. पुढे चला. गणपती बाप्पा..."

"मोरया!" सगळे ओरडले, आणि मोरयासोबत ते बाहेर ढकलले गेले.

त्या कार्यकर्त्याला शिव्या देण्यात अर्थ नव्हता. त्याला ते कोण हे ठाऊक नव्हतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी तो मंडपात नव्हता, नोकरीवर ड्युटी होती.

मी सरळ अध्यक्षाकडे गेले. तो गेटपाशी माईकवर चपला सांभाळा, पाकिटं सांभाळा चालू ठेवून होता. मी त्याला सांगितलं, तुझे प्रमुख पाहुणे आत्ता रांगेतून ढकलले गेले. त्याने माईक खाली घेतला. रस्त्याच्या पलीकडे काका रसवंतीच्या सावलीत उभे होते, गर्दीकडे पाठ करून. अध्यक्षाने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मला का नाही कोणी सांगितलं?"

"दादा, मी दहा दिवस काय बोलतेय?"

"बाहुला आता नाही लावता येणार," तो म्हणाला. "मोटर काढलीय ती."

"बाहुला नको. मला माईक दे. आतला, रांगेचा."

"भाषण?"

"एक वाक्य."

"रांग थांबता कामा नये हां. प्रत्येक वेळी शेवटी 'पुढे चला' म्हणायचं. काय?"

"म्हणेन."

त्याने स्वतः आत जाऊन त्या कार्यकर्त्याच्या हातून माईक घेऊन मला दिला. पुढचा खेळ लागला. विमान पडलं, आकाश निळं झालं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत मी बोलले. अंगावर काटा येईल असं काही नाही, पाण्याच्या टाकीसारखंच.

"त्या विमानातून एक माणूस पॅराशूटने बाहेर पडला. त्याच्या एका पायात बूट नव्हता. त्याला मारलं नाही. पुढे चला."

टाळ्या झाल्याच नाहीत. लोकांना कळेना टाळी कशाला वाजवायची. काही जण थांबले, वर बघितलं जिथे काहीच नव्हतं, आणि दोरीवाल्याने त्यांना हलवलं. बाहेर रसवंतीपाशी ते ऐकू जात होतं का, मला माहीत नाही. मंडपाच्या फटीतून बघितलं तेव्हा काकांनी तोंड इकडे केलं होतं, एवढंच.

पुढच्या रांगेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रांगेला तेच. घसा बसला, शब्द फाटायला लागले, तरी शेवटच्या खेळापर्यंत मी माईक सोडला नाही. मधेच एका खेळानंतर गजरा माळलेली एक मावशी दोरीला धरून अडून बसली.

"अगं, मग जगला का तो?"

"माहीत नाही, मावशी," मी माईकवरच म्हटलं. "पुढे चला."